सीडीसारखं गात नाही

आमच्या गावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, लोकांनी एका गाणारीवर शिंगाड्याची टरफलं फेकली, कारण ती स्वतःच्या आवाजात गायली. हे कोणाला सांगितलं की म्हणतात, काहीतरीच काय! अहो, मी तिथं होते. बायकांच्या बाजूला बोऱ्यावर बसले होते आणि त्यातलं एक टरफल माझ्याच डोक्यावर पडलं. शिंगाड्याला काटा असतो, हे ज्यानं शिंगाडा खाल्ला आहे त्याला सांगायला नको.

पण तिचं सांगायचं तर आधी माझं रडगाणं सांगावं लागेल. इलाज नाही.

गोंदिया जिल्ह्यातल्या कामठ्यापासून जवळच आमचं गाव. घरची धानाची शेती. माझे डोळे लहानपणापासून पिवळे. थंडी पडली की गुडघे, कोपरे, पाठ असं काही दुखायचं की मी दातांनी गोधडी फाडायची. आई म्हणायची, कावीळ. आमच्याकडे काविळीला माळ घालतात. एक जाणता बुढा कसल्याशा काड्यांची इवलीशी माळ करून डोक्यावर ठेवायचा. ती हळूहळू सैल होत वाढते, गळ्यात येते, पोटावर येते, आणि पायाशी उतरली की कावीळही उतरली असं समजायचं. माझी माळ दर हिवाळ्यात पायाशी यायची आणि डोळे होते तसेच. शेवटी तो बुढा वैतागला. आईला म्हणाला, "तुई पोट्टीच खोटी आहे व, माळ काही खोटी नाही." मी ती माळ उचलून त्याच्या अंगावर फेकली. आईनं तिथंच माझ्या पाठीत दोन ठेवून दिल्या.

नव्याण्णव साली मी नववीत होते. त्या थंडीत दुखणं आलं ते जाईचना. बाबांनी मला उचलून गोंदियाला नेलं, तिथून नागपूरला. नागपूरच्या डॉक्टरनं रक्त तपासून दुखण्याचं नाव सांगितलं, सिकल. ते आईकडून थोडं आणि बापाकडून थोडं येतं आणि एखाद्या पोरात पुरं होतं, हे त्यानं कागदावर गोल काढून, अर्धे गोल काळे करून बाबांना समजावलं. हा लागट रोग नाही, हेही सांगितलं. रोज गोळी घ्यायची, पाणी भरपूर प्यायचं, थंडीला जपायचं आणि गार पाण्यात, चिखलात तासन्‌तास उभं राहायचं नाही.

बाबांनी विचारलं, "म्हणजे रोवणा?"

डॉक्टरला रोवणा म्हणजे काय ते सांगावं लागलं. धानाचं रोप उपटून पुन्हा चिखलात एकेक करून लावायचं, बायकांनी ओळीनं वाकून, वरून पाऊस, खाली पाणी. ते ऐकून तो म्हणाला, "तेच तर करायचं नाही."

आता धानाच्या घरात पोरीनं रोवण्याला उतरायचं नाही, म्हणजे काय ते तुम्हीच समजा. आमच्याकडे सोयरीक जुळवायला माणसं आली की पोरीचं नाव नंतर विचारतात, रोवणा किती लवकर करते ते आधी. घरात ठरलं की कोणाला सांगायचं नाही. आईचं एकच पालुपद, "झाकली मूठ सव्वा लाखाची." बाबांनी गावात सांगितलं, पोरगी शिकून राहिली, मास्तरीण करतो तिले. मी बारावीत नापास झाले, पुन्हा नापास झाले, तरी आपली शिकूनच राहिले होते. रोवण्याच्या दिवसांत अख्खं गाव बांधावर आणि मी घरात पंख्याखाली पुस्तक उघडं टाकून बसलेली. शेजारच्या बायका म्हणायच्या, "नशीब काढलं पोट्टीनं." मला वाटायचं, उठावं आणि यांच्या अंगावर ओरडावं.

मला काय पाहिजे होतं ते सरळ सांगते. सगळं माहीत असून माझ्याजवळ राहील असं एक माणूस. नवराच पाहिजे असं नव्हतं माझं. पण आमच्याकडे बाईला दुसरं कोणतं माणूस मिळतं?

तेव्हा सीडीचे दिवस होते. गोंदियाच्या बाजारात दुकानोदुकानी सीड्या लटकलेल्या असायच्या आणि त्यातल्या अर्ध्यांवर तिचा फोटो. ती गोंदियाचीच पोरगी, पण गाणी हिंदी, छत्तीसगढी, मधूनच एखादं मराठी. स्वतः गायची, स्वतःच नाचायची. लाल घागरा आणि काळा गॉगल. गॉगल ती कधी काढायची नाही, गाण्यात आभाळभर चांदणं असलं तरी. पानठेल्यावर ती, ऑटोत ती, वरातीच्या बँडवर ती. तिचं एक गाणं होतं ज्यात शेवटाकडे आवाज एकदम वर जातो आणि तिथंच थांबून राहतो. ती जागा आली की मी अंगणात झाडू घेऊन उभी राहायची. दुखत असलं तरी ऐकायची. एका सीडीचं कव्हर फाटलं, तर त्यावरचा तिचा फोटो मी कापून माझ्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला. भाऊ चिडवायचा, "देवी बसवली का व पेटीत?" मी म्हणायचे, बसवली, तुझं काय जाते?

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. ज्या त्या गावाची आपली मंडई, आपल्या दिवशी. दिवसा बाजार आणि दंडार, म्हणजे नाचगाण्याचा खेळ, सांज झाली की नाटक नाहीतर ऑर्केस्ट्रा. घरोघरी पाहुणे. ऊस आणि शिंगाडे तर विकले जातातच, पण सोयरिकीही तिथंच जुळतात. पोरगी पाहायला आलो असं कोणी तोंडानं म्हणत नाही, मंडईले आलो म्हणतात. टरफलं पडली त्या वर्षी आमच्याकडेही नागरा गावाच्या बाजूचे असे पाहुणे मंडईला आले होते. मुलगा, त्याचे आईवडील आणि त्याचा मामा. आणि त्याच मंडईला आमच्या गावच्या कमिटीनं तिला आणलं होतं. माझा आनंद काय सांगू! पाहुण्यांसाठी नेसवलेली नवी साडी मी तिच्यासाठी नेसले आहे, असंच मनात धरून बसले होते.

दिवे लागायच्या वेळेला ती स्टेजवर आली. तोच घागरा, तोच गॉगल. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. सगळं अगदी सीडीवरच्यासारखं, कारण सीडीच लागलेली होती. ती नुसते ओठ हलवत होती, हे सगळ्यांना दिसत होतं आणि कोणाचं काही म्हणणं नव्हतं. तिसऱ्या गाण्यात ती नाचता नाचता वाकली आणि तिनं गुडघा धरला. ती धरायची पद्धत मी ओळखली. दोन्ही हातांनी, दोन्हीकडून, जसं काही आतून निघून जाणारं काहीतरी दाबून ठेवायचं आहे.

तिनं मशीनवाल्याला हात केला. गाणं मध्येच थांबलं. ती माईकवर म्हणाली, "ये मेरी आवाज नहीं है. सीडी है. मैं चार दिन से खाट पर थी." मग तिनं गॉगल काढला. मागच्यांना काय दिसलं असेल ते असो, मला दिसायचं ते दिसलं. मग ती आपल्या बोलीवर आली. "मले सिकल आहे. लपवून लपवून थकली मी. लग्नात नवऱ्याले सांगतलं नव्हतं. मागून समजलं, त्यानं बापाच्या दारात आणून सोडलं. पोरींनो, तुम्ही लपवू नका व. आधीच सांगून टाका. ज्याले जायचं तो जाते. पण जो राहते, तो तुमचा राहते."

जो शब्द आमच्या घरात दार लावून बोलायचे तो भोंग्यावरून अख्ख्या मंडईत गेला. उसाच्या ढिगावर गेला, पाळण्यावर गेला. आईची नखं माझ्या मनगटात रुतली. मी हात सोडवून घेतला.

आणि मग ती गायली. बिना सीडीची, तेच माझं आवडतं गाणं. आवाज बसलेला, जाडाभरडा. ती वर जायची जागा आली तेव्हा आवाज फुटला. ती थांबली, दम घेतला, आणि जिथं फुटला होता तिथूनच पुन्हा सुरू केलं. मी रडत होते, आणि मला इतकं बरं वाटत होतं की विचारू नका.

लोक काय म्हणाले? "सीडी लाव!" "आम्ही सीडीचे पैसे दिले!" आमच्या शेजारचा काका तर तिकीट न काढता कनात वर करून आत शिरला होता. तोच सगळ्यांत जोरात ओरडला, "ही सीडीसारखं गात नाही! खोटी बाई आणली!" म्हणजे बघा, खरी बाई समोर उभी राहून गाते आहे, आणि ही खोटी, ती डबीतली खरी. मग टरफलं सुरू झाली. तिनं गाणं पुरं केलं, हात जोडले आणि उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे ओसरीवर बसले होते. मी चहा घेऊन गेले. मुलाचा मामा चिवडा खात रंगात येऊन सांगत होता, "त्या बाईले काय गरज होती जी? हात दाखवून अवलक्षण! चांगली गाऊन राहिली होती." सगळे हसले. बाबाही हसले. बिचारे, करणार काय?

मी ट्रे खाली ठेवला आणि म्हणाले, "मलेबी तेच आहे."

"काय आहे?" मामानं विचारलं.

"सिकल. रोवणा माझ्याच्यानं होणार नाही. थंडीत पडली की आठ-आठ दिवस उठत नाही. तरी पाहिजे असेन तर सांगा."

मुलानं तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मग चिवड्याकडे पाहिलं. त्याची आई उठून पदर सारखा करायला लागली. "कळवतो जी," मामा म्हणाला, आणि अर्धा चहा तसाच ठेवून माणसं गेली. आई कपाळावर हात मारून बसली. "काऊन व? काऊन सांगतलीस?" बाबा खळ्याकडे निघून गेले. आणि मी? मला तर जमिनीवर पाय टेकल्यासारखं वाटत नव्हतं. जाणारा गेला, बरं झालं. आता राहणारा येईल.

पुढचे आले त्यांनी विचारलं, "लागते का ते?" नाही म्हटलं तरी दिलेलं पाणी प्याले नाहीत. मग यायचेच बंद झाले, बातमी पुढं धावत होती. भावाची सोयरीक जुळली तेव्हा पोरीकडच्यांनी आधी त्याचं रक्त तपासून मागितलं. त्याचं साफ निघालं म्हणून वहिनी आमच्या घरात आली. त्या दिवशी आई मला म्हणाली, "तुया तोंडानं एवढं घर बुडता बुडता राहिलं." मी म्हणाले, "पण वाचलं ना? खरं पाहून वाचलं." आई चुलीकडे वळली. मला वाटलं मी जिंकले.

मग तो आला. आला म्हणजे, आधीपासूनच होता. गोंदियाला मी ज्या दुकानातून तिच्या सीड्या आणायची, त्या दुकानातला. मंडईच्या त्या कार्यक्रमानंतर तिला कोणी बोलावेना आणि तिच्या सीड्याही कोणी घेईना. त्यानं उरलेल्या माझ्यासाठी बाजूला ठेवल्या होत्या. मी त्याला लगेच सांगून टाकलं, मला असं असं आहे. तो हसला. म्हणाला, "माहीत आहे. सिकलवाली, तिची गाणी नेणारी म्हणून अख्खा बाजार वळखते तुम्हाले." मी पण हसले. वर्षभर मी गोळ्या आणायच्या निमित्तानं गोंदियाला जात राहिले. दुकानाच्या मागं एक बाक होता, तिथं तो चहा मागवायचा, आणि आधी मला पाणी द्यायचा. डॉक्टरनं पाणी प्यायला सांगितलं आहे, हे त्याच्या ध्यानात असायचं. एकदा मी विचारलं, "पुढं काय?" तो म्हणाला, "पुढं काय म्हणजे? मी राहतो ना."

राहतो. हाच शब्द. मी घरी आले आणि पेटी उघडून तिच्या फोटोकडे पाहून म्हणाले, बाई, तू खरी निघालीस.

आता इथं थांबायचं होतं. पण मला थांबता येत नाही. डॉक्टरनं काढलेले गोल मला पाठ होते. त्याच्याही रक्तात अर्धं असलं तर पोरांचं काय? मी त्याला म्हणाले, रक्त तपासून घे. तो टाळायचा. "कायले? मले काय झालं?" मी मागं लागले. लग्न करायचं तर खरं काय ते पाहून करू. शेवटी माझ्यासाठी म्हणून गेला.

त्याच्या रक्तात अर्धं निघालं.

तसं पाहिलं तर त्याला काही झालं नव्हतं, होणारही नव्हतं. तो जन्मापासून तसाच होता. पण त्याची आई आमच्या अंगणात येऊन उभी राहिली आणि छाती पिटून ओरडली, "माझ्या पोराले रोग लावला हिनं! बाकावर बसू बसू रोग लावला!" गाव जमलं. बाबांनी कधी नव्हे ते तोंड उघडलं. काडी घेतली, खाली बसले, आणि नागपूरच्या डॉक्टरनं काढले होते तसे गोल मातीत काढायला लागले. "हे पाहा बाई, हा बाप, ही माय..." तिनं पायानं ते गोल पुसून टाकले. बाबा काडी घेऊन तसेच बसून राहिले. म्हाताऱ्या माणसाला असं पाहावं लागलं, याचा राग माझ्या अंगातून अजून गेला नाही.

त्याला मी शेवटचं दुकानामागं भेटले. तो माझ्याकडे पाहत नव्हता.

"मी सुखात होतो," तो म्हणाला. "तू कायले तपासायले लावलं?"

"तू राहतो म्हणाला होतास."

"तवा मले माहीत नव्हतं."

"माझं माहीत होतं."

"तुयं होतं. माझं नव्हतं."

त्या दिवशी त्यानं पाणी दिलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं, बालाघाटकडची पोरगी. तिकडे कोणाला काही सांगितलं नाही, हे मला वेगळं सांगायची गरज नाही. पुढं त्याला मुलगा झाला. त्या मुलाचे डोळे कसे आहेत ते मी कधी कोणाला विचारलं नाही.

मला राग आला तो तिचा. जो राहते, तो तुमचा राहते म्हणे! मी पेटीच्या झाकणावरून तिचा फोटो ओरबाडून काढला आणि चुलीपाशी नेला. परत आणून ठेवला. आता तो चिकटत नव्हता, म्हणून कपड्यांखाली सारला.

वर्षं गेली. सीड्या गेल्या, गाणी मोबाईलच्या कार्डावर आली, तिची गाणी कोणाच्या कार्डात नव्हती. आई गेली, मग बाबा गेले. वहिनीला मुलगी झाली. तिला मी सांभाळायची, कारण शेतात जाणारी मी नव्हते. ती रात्री माझ्याच गोधडीत झोपायची आणि मला दुखायला लागलं की आपले इवलेसे पाय माझ्या गुडघ्यावर टाकायची. औषधच देते आहे जशी.

ती पाच वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. भाऊ मंडईच्या कमिटीत होता. एक दिवस येऊन म्हणाला, "तुई देवी येऊन राहिली यंदा. स्वस्तात भेटली." कमिटीतल्या जुन्या लोकांनी कुरकुर केली, तर हा म्हणाला, घाबरू नका, आता ती सीडीच लावते. कलाकारांची जेवणं आमच्याकडे घरोघरी वाटून देतात. तिचं जेवण आमच्या घरी आलं.

दुपारची ती आली. साधा पंजाबी ड्रेस घातलेली, अंगानं वाळलेली, पण गॉगल तोच. आल्याबरोबर वहिनीला म्हणाली, "बाई, थोडं गरम पाणी मिळेल का? पाय शेकायचे आहेत." वहिनी म्हणाली, आणते. मी म्हणाले, नको, मी आणते. घमेल्यात पाणी आणलं, मीठ टाकलं. तिनं पाय सोडले, आणि तोंडावर पाणी मारायला गॉगल काढला. मग वर माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांकडे.

"तुलेबी?" तिनं विचारलं.

"हो जी."

मी तिला सांगितलं की तुम्ही आधी इथं आल्या होत्या, सीडी बंद केली होती. तिचा पाय पाण्यात हलत होता तो थांबला. मग ती सांगत गेली. त्यानंतर तिला कोणी बोलावलं नाही, सीडीवाल्यांनी रेकॉर्डिंग बंद केलं, बापाच्या घरी ब्लाऊज शिवून दिवस काढले. आता सगळ्यांना सांगते की औषध लागू पडलं, बरी झाली. "आवाज तर जुनाच विकते मी," ती म्हणाली. "लोकांनाबी तोच पाहिजे."

"त्या दिवशी मी पोरींना काहीतरी बोलली होती ना? सांगून टाका म्हणून?"

"बोलल्या होत्या."

"त्याची मले मागून फार भीती वाटायची. माझं ठीक आहे, मी गाणारी बाई. पण एखाद्या पोरीनं खरंच ऐकलं असेल तर? तू ऐकलंस का?"

"ऐकलं."

"सांगतलंस?"

"सांगतलं."

"मग?"

तेवढ्यात आमची छोटी पळत आली आणि माझ्या मांडीवर चढून बसली. पाहुणी नवीन, म्हणून तोंडात बोट घालून टुकूटुकू पाहायला लागली.

माझ्या तोंडात सगळं तयार होतं. किती वर्षं तयार होतं! अर्धा चहा ठेवून गेलेली माणसं, बाबांनी मातीत काढलेले गोल, दुकानामागचा बाक. म्हणणार होते की बाई, तू स्टेजवरून बोलून गेलीस, मी आयुष्यभर निस्तरून राहिली. राहिलं कोणीच नाही. पण मी खाली पाहिलं तर तिचे घोटे पाण्यात सुजून टम्म झालेले, माझे होतात तसेच. आणि ती अशी पाहत होती माझ्याकडे, निकालाच्या दिवशी पोरं पाहतात तशी.

मी म्हणाले, "राहिला."

"काय?"

"आधीच सांगतलं होतं. माहीत असून राहिला. सीडीचं दुकान आहे गोंदियाले. ही पोरगी आमचीच."

वहिनी भाताचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती तशीच उभी राहिली. छोटीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"खरंच?" पाहुणी म्हणाली.

"खोटं कायले बोलू?"

तिनं छोटीच्या गालाला हात लावला, तिच्या डोळ्यांत निरखून पाहिलं. डोळे स्वच्छ पांढरे. ती रडायला लागली आणि रडता रडता हसायला लागली. "म्हणजे मी चुकली नव्हती," म्हणाली. "मी चुकली नव्हती व!" मग पोटभर जेवली. भात पुन्हा मागून घेतला. वहिनीच्या हाताची तारीफ केली. गाडीत बसताना तिनं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

गाडी गेल्यावर वहिनी म्हणाली, "काय जी बाई, माझी पोट्टी देऊन टाकली का?" हसत म्हणाली. मग माझं तोंड पाहून हसायची थांबली आणि शाल आणून माझ्या अंगावर टाकली.

मी मंडईत गेले नाही. गुडघे धरले होते. अंगणात खाट टाकून बसले, छोटी कुशीत. तिथून स्टेज दिसत नाही, पण भोंगा चांगला ऐकू येतो. मी खोटं का बोलले ते मला तेव्हा कळलं. मला वाटत होतं, आज ती सीडी बंद करेल. तिची भीती तर मी काढून टाकली होती, नाही का? आज तरी ती गाणं मध्येच थांबवेल आणि म्हणेल, हा माझा आवाज नाही. आम्हा दोघींतल्या एकीनं तरी खरं राहावं.

पहिलं गाणं झालं. दुसरं झालं. मग ते गाणं आलं. मी शाल बाजूला करून उठून बसले. आवाज वर गेला, त्या जागेवर पोचला, आणि थांबून राहिला. कुठं तडा नाही, दम घेणं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यात शेजारचा काकाही असेल. मग पुढचं गाणं लागलं, आणि त्याच्या पुढचं. सीडी काही बंद झाली नाही.

छोटी कुशीत चुळबुळ करत होती. मला वाटलं झोपली. ती म्हणाली, "आत्या, मी तुझी होय का?"

तिनं विचारलं तेव्हा तिचे पाय माझ्या गुडघ्यावर होते.

"नाही व," मी म्हणाले. "तू तुया आईची. जा घरात, थंडी पडून राहिली."